सैन्य अद्ययावत व्हायला इतकी वर्षं का लागतात? गोदीत नोकरी केलेल्या माणसाचं उत्तर

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा गच्चीवर भेटला तेव्हा त्याने विचारलं, "काका, संरक्षणाला लाखो कोटी मिळतात. मग मिग-२१ साठ वर्षं का उडवावं लागलं? पाणबुडी बांधायला १२ वर्षं का लागतात? जगात जे चांगलं असेल ते तयार विकत घ्यावं आणि मोकळं व्हावं ना!"

गच्चीवर मी त्याला अर्धंच उत्तर दिलं. खाली आल्यावर ते मलाच अपुरं वाटलं, म्हणून इथे नीट लिहितो आहे. त्याच्यासाठी तर आहेच, पण हाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठीही. मी मुंबईच्या गोदी पट्ट्यात ३५ वर्षं काढली, त्यातली बहुतेक वेल्डिंगच्या तपासणीत. त्यामुळे मी जहाजाच्या बाजूने बोलणार. पण विमान असो की तोफ, दुखणं सगळीकडे एकच आहे.

आधी पैशाचं उरकतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये मिळाले. आकडा मोठा आहे, पण त्यातले १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाला जातात. पगार, इंधन, रेशन, दुरुस्ती यांना आणखी मोठा वाटा लागतो. नवीन शस्त्रं, जहाजं, विमानं आणि बांधकामं यांसाठीचा भांडवली खर्च १.८० लाख कोटी, म्हणजे शंभरातले साधारण २६ रुपये. त्यातलाही बराचसा पैसा आधी केलेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. घराचा हप्ता चालू असताना नवीन घर घ्यायला हातात किती उरतं, तसंच हे. म्हणून "एवढे पैसे असून" असं म्हणताना थोडं थांबावं. तरीही मला विचाराल तर पैसा हे मुख्य कारण नाही.

आता तयार विकत घेण्याचं. आपण ते केलेलं आहे, आणि त्याचा अनुभव गाठीशी आहे. रशियाची जुनी विमानवाहू नौका 'अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह' घेऊन तिची 'विक्रमादित्य' करायचा करार जानेवारी २००४ मध्ये झाला, तेव्हा नूतनीकरणाची किंमत ९७.४ कोटी डॉलर ठरली होती. जहाज उघडल्यावर आतलं काम निघत गेलं. केबल बदला, बॉयलर बदला, पत्रे बदला असं करत रक्कम २.३ अब्ज डॉलरच्या वर गेली आणि जहाज नौदलात आलं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये. मी यात कुणाला दोष देत नाही. जुनं जहाज उघडल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही, हे गोदीतला कुठलाही फिटर सांगेल. पण आपलं जहाज दुसऱ्याच्या धक्क्यावर उभं असताना तो सांगेल ती किंमत मोजावी लागते, माघारी फिरायला वाटच नसते.

नवीन विमानांचीही तीच कथा. १२६ लढाऊ विमानांसाठी प्रस्ताव मागवले २००७ मध्ये, राफेलची निवड झाली २०१२ मध्ये, आणि २०१५ मध्ये ती सगळी प्रक्रिया गुंडाळली गेली. २०१६ मध्ये करार झाला तो ३६ विमानांचा. या काळात मिग-२१ उडतच राहिलं. १९६३ मध्ये आलेलं ते विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं. आणि विमान घेतलं म्हणजे नुसतं विमान घेत नाही आपण. त्याचे सुटे भाग, चाचणीची यंत्रं, क्षेपणास्त्रं, वैमानिकांचं प्रशिक्षण, पुढची ३० वर्षं त्या कारखान्याशी बांधलेली गाठ, हे सगळं त्याबरोबर येतं.

आता ज्यात मी आयुष्य घालवलं त्याबद्दल सांगतो, कारण खरं उत्तर तिथे आहे.

पाणबुडीचा जो मुख्य दाबाचा सांगाडा असतो, प्रेशर हल म्हणतात त्याला, तो म्हणजे जाड, उच्च ताकदीच्या पोलादाची गोल नळी. १०० मीटर खोलीवर तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १०० टन भार येतो. वर्तुळ थोडं जरी अंडाकृती झालं तरी त्या भाराखाली सांगाडा आतल्या बाजूने चेपायला लागतो. म्हणून गोलाई मिलिमीटरमध्ये मोजतात. वेल्डिंगने पोलाद आक्रसतं आणि आक्रसलं की गोलाई बिघडते. म्हणून कुठल्या बाजूने सुरुवात करायची, दोन वेल्डर समोरासमोर एकाच वेळी कसे चालवायचे, मध्ये किती थांबायचं, हे सगळं आधी ठरलेलं असतं. कागदावर ते चार पानांत मावतं, पण हाताला बसायला वर्षं जातात.

त्यात आपली मुंबई. जुलै महिन्यात माझगावच्या किनाऱ्यावर हवा इतकी ओली असते की सकाळी धुतलेला रुमाल संध्याकाळीही दमट. वेल्डिंगच्या रॉडवर जे लेपन असतं ते ही ओल शोषून घेतं. ओला रॉड चालवला की त्या पाण्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. जोड वरून छान दिसतो, चंदेरी, एकसारख्या लाटांचा. त्याच दिवशी तपासणी केलीत तर पासही होईल. तडा जातो तो नंतर, कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आत, डोळ्याला न दिसणारा. म्हणून रॉड आधी भट्टीत साधारण ३५० अंशांवर भाजून घेतात, मग वेल्डर ते गरम डब्यात घेऊन जागेवर जातो आणि एकेक काढून वापरतो. जोडाच्या दोन्ही बाजू आधी तापवून घेतात. आणि शेवटची तपासणी ४८ तास थांबून करतात.

एकदा एका रात्रपाळीला एका वेल्डरच्या डब्याची वायर तुटली होती, डबा थंड पडला होता. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा आठ-दहा रॉड चालवून झाले होते. कुणी पाहिलं नव्हतं. तो स्वतः माझ्याकडे आला, म्हणाला, "साहेब, मघाचं खरवडून काढू या, मला भरवसा नाही." आम्ही तो सगळा जोड कोरून काढला, पुन्हा भरला, पुन्हा दोन दिवस थांबलो, पुन्हा एक्स-रे घेतला. तीन दिवस गेले. त्या माणसाला मी आजही मानतो. देशाच्या संरक्षणसिद्धतेबद्दल भाषणं ऐकतो तेव्हा मला तो डबा आठवतो. असा वेल्डर परदेशातून मागवता येत नाही आणि सहा महिन्यांच्या कोर्सने तयारही होत नाही. तो तयार होतो काम करत करत, आपल्यापेक्षा जाणत्या माणसाशेजारी बसून.

आणि नेमकी हीच गोष्ट आपण एकदा घालवून बसलो.

१९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. पहिल्या दोन, 'शिशुमार' आणि 'शंकुश', जर्मनीत कील इथे बांधल्या. पुढच्या दोन, 'शल्की' आणि 'शंकुल', आपल्या माझगाव डॉकमध्ये. 'शल्की' १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली, 'शंकुल' मे १९९४ मध्ये. आपल्या माणसांनी मुंबईत पाणबुडी बांधली, ही केवढी मोठी गोष्ट होती! आणखी दोन बांधायचा विचार होता. पण व्यवहारात लाच घेतल्याचे आरोप झाले, प्रकरण गाजलं आणि पुढचं काम थांबलं. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण चौकशीबरोबर कामही बंद झालं. त्यानंतरचा करार, फ्रान्सच्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा, झाला ऑक्टोबर २००५ मध्ये. म्हणजे मध्ये ११ वर्षं गेली.

११ वर्षांत काय होतं? ज्यांनी जर्मनांकडून काम शिकलं, त्यातले काही निवृत्त झाले. काही आखातात गेले, तिथे तेलाच्या कामावर चांगल्या वेल्डरला सोन्याचा भाव मिळतो. काही जहाजांच्या साध्या कामावर गेले आणि पाणबुडीचं काम हातातून सुटलं. वेल्डरचं प्रमाणपत्रसुद्धा ठरावीक काळ काम केलं नाही तर रद्द होतं, परीक्षा पुन्हा द्यावी लागते. यंत्रं गंजतात ती दुरुस्त होतात. शिकवणारा माणूस निघून गेला की शिकणाऱ्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. तू विचारलंस पाणबुडीला १२ वर्षं का लागतात. त्या सहांतली पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, करारापासून १२ वर्षांनी. बाहेरून यायची सामग्री रखडली, किमतीचे वाद झाले, ही कारणं आहेतच. पण विसरलेलं पुन्हा शिकावं लागलं, हे मी पहिलं कारण मानतो.

आता उलट उदाहरण बघ, म्हणजे माझं म्हणणं पटेल. विनाशिकांचं, म्हणजे डिस्ट्रॉयर जातीच्या युद्धनौकांचं, काम माझगाव डॉकमध्ये खंड न पडता चालू राहिलं. 'कोलकाता' मार्च २००६ मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात दाखल झाली ऑगस्ट २०१४ मध्ये. आठ वर्षं, कारण नवीन रडार, नवीन क्षेपणास्त्र, सगळंच पहिल्यांदा. तिच्याच सांगाड्यावरून पुढचा वर्ग निघाला. त्यातली पहिली 'विशाखापट्टणम' एप्रिल २०१५ मध्ये पाण्यात उतरली, नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखल झाली, म्हणजे साडेसहा वर्षं. 'इंफाळ'ला एप्रिल २०१९ ते डिसेंबर २०२३, पावणेपाच वर्षंही नाहीत. आणि शेवटची 'सुरत' मे २०२२ मध्ये उतरली आणि १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली. अडीच-पावणेतीन वर्षं! आता मोठमोठे भाग आधीच आतून पाइप, केबल टाकून तयार करतात आणि मग जोडतात, त्यामुळे जहाज पाण्यात उतरतानाच बरंच पुरं झालेलं असतं. हा फरक धरायला हवा. पण तीच गोदी, तीच माणसं, तोच पाऊस. काम हातात राहिलं म्हणून वेग आला.

त्या १५ जानेवारीला मुंबईच्या नौदल गोदीत 'सुरत', 'निलगिरी' आणि 'वाघशीर' अशी विनाशिका, फ्रिगेट आणि पाणबुडी एकाच दिवशी दाखल झाली. मी टीव्हीसमोर होतो. माझ्यासारख्या निवृत्त माणसांचे फोन दिवसभर वाजत होते. पण 'वाघशीर' ही त्या सहा स्कॉर्पिनमधली शेवटची. १९९९ मध्ये सरकारने ३० वर्षांत २४ पाणबुड्या बांधायची योजना मंजूर केली होती, त्यातल्या पुढच्या सहांच्या वाटाघाटी सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. पाणबुडी बांधणाऱ्या पोरांच्या हाताला मधल्या काळात पुरेसं काम मिळतंय का, ही माझी खरी चिंता आहे. ही चिंता मी जाहीरपणे मांडतो, कारण 'शंकुल'नंतर काय झालं ते मी पाहिलं आहे.

याच मुंबईत ही गोष्ट आधी जमली होती. १७३५ मध्ये इथे गोदी सुरू झाली, सुरतेहून लवजी वाडिया आले, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या वाडियांनी इथे जहाजं बांधली. बापाच्या हाताखाली मुलगा शिकला. १८१७ मध्ये मुंबईत मलबारी सागवानातून बांधलेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. २०० वर्षांहून जुनं जहाज! ते बांधणारे लोक मध्ये ११ वर्षं घरी बसले असते तर ते तसं झालं नसतं.

माणसांनंतर येतो माल. युद्धनौकेला लागणारं पोलाद आपण रशियाकडून आणायचो. ते वेळेवर येईना, तेव्हा हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांनी मिळून डीएमआर २४९ए हे पोलाद तयार केलं. 'विक्रांत' त्याच पोलादाची आहे. सुरुवातीला त्याच्यावर वेल्डिंग कसं करायचं हेही नव्याने बसवावं लागलं, वेळ गेला. पण आता ते पोलाद आपलं आहे आणि कुणी अडवू शकत नाही. इंजिनांचं मात्र अजून तसं नाही. 'दिल्ली'पासून 'सुरत'पर्यंतच्या विनाशिका युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातल्या झोर्या कारखान्याच्या गॅस टर्बाइनवर चालतात. २०२२ मध्ये त्या शहरावर बॉम्ब पडायला लागले तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला. तेजसचंही तेच. ८३ तेजस मार्क-१ए चा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला आणि त्यांच्यासाठीचं पहिलं अमेरिकी इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. विमानाचे सांगाडे तयार होत होते, पण आत बसवायला इंजिन नाही.

मोठं सोड, एक साधा व्हॉल्व्हही जहाज अडवतो. एकदा एका पुरवठादाराकडून समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्ह आले. कागदपत्रं पूर्ण, शिक्के व्यवस्थित. माझ्या सहकाऱ्याला रंग खटकला. धातूचा नमुना घासून तपासला तर मिश्रणच वेगळं निघालं. खाऱ्या पाण्यात ते दोन वर्षांत पोखरलं असतं. सगळी खेप परत, नवीन ओतकाम, नवीन चाचण्या. त्या एका खेपेपायी चार महिने एक पूर्ण कप्पा बंद करता आला नाही, कारण पाइप बसल्याशिवाय केबल नाही, केबल बसल्याशिवाय इन्सुलेशन नाही, आणि इन्सुलेशनशिवाय रंग नाही. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं, "जहाज नुसतं उभं आहे."

म्हणून सैन्य अद्ययावत करणं म्हणजे अंबरनाथ, पुणे, वालचंदनगर इथली छोटी-मोठी वर्कशॉपं जिवंत ठेवणं, असं मी मानतो. अंबरनाथला नौदलाची साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे पाणबुडीला जास्त दिवस पाण्याखाली राहता यावं म्हणून इंधन घटाची (फ्युएल सेलची) यंत्रणा तयार झाली. डिझेल पाणबुडीला बॅटरी भरायला वर येऊन हवा घ्यावी लागते, आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूच्या नजरेत येते. ही यंत्रणा असली की तसं वर येणं कमी होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ती बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. अंबरनाथहून लोकल पकडून सीएसएमटीला जाणाऱ्या गर्दीतल्या कुणीतरी हे काम केलं आहे, याचा मला फार आनंद होतो.

जुन्या जहाजावर नवीन यंत्रं बसवण्याचं थोडक्यात सांगतो, कारण आधुनिकीकरणाचा अर्धा भाग तोच असतो. जहाज ३०-३५ वर्षं चालतं, त्यावरचं इलेक्ट्रॉनिक्स १० वर्षांत जुनं होतं. नवीन रडार बसवायचं म्हटलं की त्याला जास्त वीज लागते, थंड पाणी लागतं, आणि ते डोलकाठीवर उंच बसणार म्हणजे जहाज वरून जड होणार. खाली वजन भरून तोल सांभाळावा लागतो. म्हणून शहाणा आरेखक पहिल्या दिवसापासून वजनाची, विजेची आणि जागेची शिल्लक ठेवतो. ज्यांनी ती ठेवली नाही त्यांची जहाजं २० वर्षांत निकामी ठरली. ड्रोन आणि सॉफ्टवेअर ही तर वेगळीच गत आहे, तिथे सहा महिन्यांत वस्तू जुनी होते. त्यांना जहाजासारखी पाच वर्षांची खरेदी प्रक्रिया लावली तर हातात येईपर्यंत त्या टाकाऊ झालेल्या असतात. छोट्या कंपन्यांसाठी २०१८ मध्ये आयडेक्स योजना आली, ती त्यासाठीच. ती वाढायला हवी.

तोफांचं एक सांगायचं राहिलं. बोफोर्सचा करार १९८६ चा. त्याबरोबर तोफ बनवण्याचे नकाशेही मिळाले होते. पण लाचखोरीच्या वादात ते वर्षानुवर्षं पडून राहिले. १९९९ ला कारगिलमध्ये त्याच तोफांनी आपल्याला तारलं, तरीही नकाशे पडूनच. त्या नकाशांवरून बनलेली 'धनुष' सैन्याकडे आली एप्रिल २०१९ मध्ये. मार्च २०२५ मध्ये संपूर्ण भारतीय आरेखनाच्या ३०७ तोफांचा करार झाला, त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जचा. उशिरा का होईना, आनंद आहे. पण ३० वर्षं! भ्रष्टाचार केला असेल त्याला शिक्षा करा, कंपनीला दंड करा, पण हातातलं काम थांबवू नका, एवढं एक कुणी ठरवलं असतं तर किती वर्षं वाचली असती.

मला कुणी अधिकार दिला तर मी दोनच गोष्टी करीन. एक, पाणबुडी किंवा विनाशिकेची शेवटची प्लेट कापली जायच्या आत पुढच्या वर्गाची पहिली प्लेट कापायला देईन, चार-दोन अडचणी शिल्लक असल्या तरी. दोन, प्रत्येक जाणत्या कारागिराच्या निवृत्तीआधी तीन वर्षं त्याच्या हाताखाली दोन पोरं बसवीन, आणि त्या तिघांनाही चांगला पगार देईन. आखातात मिळतो तेवढा नाही जमला तरी त्याच्या जवळपास.

आणि बाळा, तू जाता जाता विचारलंस, "काका, यात मी काय करू शकतो?" पदवी झाल्यावर मोठ्या कंपनीचं पत्र आलं तर घे, पण त्याआधी वेल्डिंगची परीक्षा स्वतःच्या हाताने दे. पुढे तपासनीस होशील, आरेखक होशील, पण रॉड हातात धरलेला असला की कारागीर तुझं ऐकेल. माझ्या टेबलावर एक पोलादी पट्टी आहे, माझ्या पहिल्या परीक्षेतली. दोन तुकडे जोडून, घासून सपाट करून, मग यंत्रात घालून इंग्रजी यू सारखी वाकवलेली. जोडाला तडा गेला की नापास. रविवारी सकाळी ये आणि ती हातात घेऊन जोड नेमका कुठे आहे ते बोटाने शोधून दाखव.